गटारीला पाठवलेला ससा

मुरबाडला दुसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि त्यात आम्ही नवरा-बायको सध्या एका सशाकडे राहतो. दारावरची पाटी माझ्या नावाची आहे. पण येणारा प्रत्येक जण आधी सशाला बघतो, त्याचे कान किती मऊ आहेत ते सांगतो, त्याने काही खाल्लं का विचारतो आणि मग मी घरात आहे का याची चौकशी करतो. (म्हणजे, केली तर!)

हे संकट आणलं माझ्या बायकोने. सुनंदा अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे आणि तिच्या अंगणवाड्या माळशेज घाटाच्या रस्त्याला पार वैशाखऱ्यापर्यंत पसरल्या आहेत. पावसाळ्यात त्या रस्त्याने गाड्या भरभरून लोक येतात, धबधब्याखाली भिजतात, भाजलेली कणसं खातात आणि नको असलेलं सगळं आमच्या तालुक्यात टाकून परत जातात. बाटल्या, पिशव्या, एका पायाच्या चपला. एक दिवस कुणीतरी चक्क ससा टाकला! वैशाखऱ्याच्या चहाच्या टपरीमागे ओलं खोकं, खोक्यात पांढरा ससा आणि भोवती कुत्री. सुनंदाने छत्रीने कुत्री हाकलली, खोकं उचललं आणि थेट घरी आणलं.

"दोनच दिवस," ती दारातच म्हणाली. "कुणाचं तरी चांगलं घर मिळेपर्यंत."

"का? आपलं घर वाईट आहे?" मी विनोद केला.

"नाही ना? मग राहू दे इथेच!"

त्या दिवसापासून मी घरात विनोद करत नाही.

खरं सांगायचं तर मला तेव्हाच ठामपणे नाही म्हणता आलं असतं. पण मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून सुनंदा घरात एकटीच बोलायची. कुकरशी बोलायची, कुंडीतल्या तुळशीशी बोलायची आणि कुणीच उरलं नाही की नाइलाजाने माझ्याशी. आता तिला एवढ्या मोठ्या कानांचा श्रोता मिळाला. मी माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून आलो की आतून तिचा हसण्याचा आवाज यायचा. तो आवाज मला बरा वाटायचा, हे मी कबूल करतो. बाकी सगळ्याचा मला वैताग आला होता.

त्याचं नाव मुकादम. तेही माझ्यामुळेच पडलं. हे महाशय सकाळी उठून दोन्ही खोल्यांतून एक फेरी मारत, प्रत्येक वस्तूला हनुवटी घासून ती आपल्या ताब्यात घेत, काम काडीचं करत नसत आणि काही मनाविरुद्ध झालं की मागचा पाय धाडकन आपटत. मी टीव्हीवर बातम्या लावल्या, की धाड! मी जोरात शिंकलो, की धाड! एकदा मी वैतागून म्हणालो, "हा ससा आहे की रस्त्याच्या कामावरचा मुकादम?" सुनंदाला नाव एकदम पसंत पडलं.

सशाचे दात जन्मभर वाढतात म्हणे. ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावं लागतं. 'काहीतरी' म्हणजे माझं. आधी माझ्या मोबाइलचा चार्जर गेला. मग टीव्हीची वायर गेली, मग माझ्या नव्या चपलेचा अंगठा. सुनंदाची एकही वस्तू त्याने तोंडात धरली नाही, हे मी तिच्या नजरेस आणून दिलं.

"तुम्ही वस्तू जागेवर ठेवत नाही," ती म्हणाली.

"पाय सोडून चपलेची दुसरी कुठली जागा असते?"

धाड!

एक दिवस त्याने गॅलरीतून वर जाणारी इंटरनेटची वायर तोडली. पाचच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले. वरून कडक इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. "माझी मीटिंग चालू होती!" ते ओरडले. मी माफी मागत होतो तेवढ्यात मुकादम सोफ्याखालून बाहेर आले, गृहस्थांच्या पायाला हनुवटी घासली आणि त्यांनाही ताब्यात घेऊन आत गेले.

गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून घरातल्या सगळ्या सतरंज्या आणि गोधड्या जमिनीवर आल्या. तो गोधडीवरून चालायचा आणि मी कडेकडेने फरशीवरून. दोनदा घसरून आपटलो, पण पाय घसरण्याची काळजी घरात फक्त सशाची!

खाण्याचं तर विचारूच नका. ससा म्हटलं की गाजर, एवढं मला चित्रांवरून ठाऊक होतं. मी कौतुकाने किलोभर गाजरं आणली. सुनंदाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "गाजर गोड असतं, ते कधीतरी द्यायचं. रोज गवत लागतं त्याला. भरपूर." म्हणून मी, मुरबाडातला झेरॉक्सवाला, इन केलेला शर्ट आणि हातात विळा अशा अवतारात रस्त्याच्या कडेला गवत कापायला लागलो. सगळं गाव त्याच रस्त्याने जातं.

"काय शेठ, म्हैस घेतली काय?"

"नाय, ससा आहे."

"सशाला येवढा गवत? मंग म्हशीनं काय घोडं मारलं होतं? दूध तरी दिला असता!"

मी मान खाली घालून गवत कापत राहिलो. अजूनही कापतोय.

असे दिवस चालले होते आणि आषाढ संपत आला. तेवढ्यात पुण्याला मुलीने खोली बदलायची ठरवली आणि सामान हलवायला आम्हा दोघांना बोलावलं. दोन दिवसांचं काम. पण मुकादमांचं काय करायचं? तिसऱ्या मजल्याला विचारण्यात अर्थ नव्हता. सुनंदा म्हणाली, "मी नाही येत मग. तुम्ही जा." तेव्हा मला नामी युक्ती सुचली. (माझ्या युक्त्यांना नामी म्हणणारा जगात मी एकटाच आहे.)

माझा मोठा भाऊ किन्हवलीच्या पुढे आमच्या वाडीत राहतो. भातशेती, अंगणात कोंबड्या, गोठ्यात दोन बैल. दादा आणि वहिनीचा सगळा जन्म जनावरांत गेलेला. त्यांच्याकडे ससा दोन दिवस राहायला काय हरकत आहे? मी लगेच फोन लावला आणि सुनंदाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"दादा, शनिवारी जीपने एक ससा पाठवतोय तुझ्याकडे."

"ससा? तुला कुठं गावला रे परशा?"

"सुनंदाला मिळाला, वैशाखऱ्याला."

"केवढा हाय?"

"चांगला गुबगुबीत. दोन-अडीच किलो तरी भरेल."

"आरं वा वा!"

"जपून ठेव हां. कुत्र्यामांजराने तोंड लावता कामा नये."

"येडा का खुला तू? आमी घरात असताना कुत्र्याला कोन तोंड लावू देतंय!"

"आणि गवत ताजं घाल. तब्येत उतरायला नको."

"त्याची कालजी तू करू नको. तुमी पन या दोघं जना."

"येणारच आहोत. पण जरा उशिरा येऊ."

"मंग तुमच्या वाटंचा काढून ठेवतो," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

मला वाटलं, चहापाण्याचं म्हणत असेल. मी विजयी मुद्रेने सुनंदाकडे बघितलं. "ऐकलंस? मुक्या जनावराबद्दल किती आस्था आहे माणसाला!"

शनिवारी आंब्याच्या रिकाम्या पेटीत पेंढा घालून मुकादमांना बसवलं आणि किन्हवलीकडे जाणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरच्या स्वाधीन केलं. सुनंदा त्याला म्हणाली, "हळू चालवा हां, त्याला धक्क्यांची भीती वाटते."

"वैनी, मागं जीपला लोंबकळून मानसं आल्यात," ड्रायव्हर म्हणाला, "त्यांना पन वाटतं भीती."

घरी येऊन मी सगळ्या गोधड्या उचलल्या, बातम्या लावल्या, मोठ्याने शिंकलो. कुणी पाय आपटला नाही. मी खूश होतो. सुनंदा गॅलरीत उभी होती.

रविवारी सकाळी आम्ही माळशेजमार्गे पुण्याच्या बसमध्ये बसलो. बस वैशाखऱ्याला चहासाठी थांबली. त्याच टपरीवर. टपरीवाल्याने सुनंदाला ओळखलं.

"मॅडम, ससा कसा हाय?"

"मजेत आहे. कालच गावाला पाठवला, मोठ्या दिरांकडे."

टपरीवाला मनापासून हसला. "आसं व्हय! गटारीला!"

सुनंदाने ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"अहो, गटारी कधी आहे?"

"अमावस्येला. म्हणजे उद्या, सोमवारी."

"दादा सोमवारी खातात?"

"छे! सोमवार शंकराचा. कधीच नाय खात."

"मग ते गटारी कधी करणार?"

"आज," मी म्हणालो.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावण लागला की घरात मटण-मच्छी बंद. म्हणून त्याआधी गटारीला सगळे पोटभर खाऊन घेतात. आमच्या घराण्यात तर नियमच आहे, की जो बाहेरगावी राहतो त्याने आदल्या दिवशी गावाला काहीतरी जिवंत पाठवून द्यायचं. मी दरवर्षी एक गावठी कोंबडा पाठवतो. त्याच जीपने, तशाच आंब्याच्या पेटीत! 'हा कापा आणि खा' असं सांगणारा फोन कुणी कधी करत नाही. ते काय सांगायला लागतं? यंदा सशाच्या नादात मी कोंबडा साफ विसरलो होतो. आणि तिकडे दादाने काय समजायचं ते समजून घेतलं होतं. बोलण्यात मी मागे ठेवलं तरी काय होतं? वजन सांगितलं, ताजं गवत घाल म्हणालो, वर आम्ही जरा उशिरा येऊ म्हणालो!

"फोन करा!" सुनंदा म्हणाली.

मी फोन केला. रिंग वाजत राहिली. भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू होती. या दिवसांत माणसं चिखलात आणि फोन घरात, खुंटीवरच्या पिशवीत. पाच-सहा वेळा लावला. मग फोनची रेंजच गेली.

बस पुढे पुण्याला गेली. आम्ही सामान घेऊन रस्त्यावर. किन्हवलीच्या दिशेने जाणारं पहिलं वाहन मिळालं ते कोंबड्यांचा टेम्पो. सुनंदाला ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली आणि मी मागे, कोंबड्यांच्या जाळ्यांवर. वर ताडपत्री, खाली ब्रॉयलर आणि दोघांच्या मध्ये पुण्याला जायचे माझे इस्त्रीचे कपडे.

मला वाटलं होतं, टेम्पो सुसाट निघेल. पण गटारीच्या दिवशी कोंबड्यांचा टेम्पो म्हणजे गावोगाव वाट बघणारा पाहुणाच! जिथे चिकनचं दुकान तिथे टेम्पो थांबणार, आणि दुकानासमोर ही रांग!

"भाऊ, जरा हात लावा, लवकर निघू," ड्रायव्हर म्हणाला.

मी हात लावला. प्रत्येक थांब्यावर जाळ्या उतरवल्या. रांगेतले लोक माझ्याकडे भाव विचारू लागले. एकाने तर "जरा मोठी बघून द्या" म्हणून माझी बाही ओढली. दोन कोंबड्यांनी मला टोचलं, एकीने शर्टावर कार्यक्रम केला.

सरळगावला टेम्पो किन्हवलीच्या रस्त्याला वळायच्या आधी थांबला, तेव्हा मी सुनंदाच्या खिडकीशी गेलो. तिला काहीतरी धीर द्यावा म्हणून गेलो होतो.

"तो हाक मारली की येतो हो," ती पुढे बघत म्हणाली. "दादांनी हाक मारली, तर त्यांच्याकडेही जाईल."

ज्या सशाने माझा चार्जर खाल्ला, चपला खाल्ल्या, डोकं खाल्लं, त्याच्यासाठी मी तिथल्या जाळ्या दोन-दोन करून उतरवल्या. मी मागे जाऊन बसलो आणि ड्रायव्हरला ओरडलो, "चल रे बाबा, दामट आता!"

टेम्पोने आम्हाला वाडीच्या फाट्यावर सोडलं. तिथून आम्ही चिखलातून पळत सुटलो. घर दिसायच्या आधी वास आला. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण, वहिनीचा घरचा मसाला. एरवी त्या वासाने मी चालण्याचा वेग वाढवतो. त्या दिवशी मी नाक दाबून पळालो.

चुलीपाशी वहिनी. बाजूच्या पाट्यावर वाटणाचा लालभडक गोळा तयार.

"वैनी, ससा कुठाय?"

वहिनीचा चेहरा पडला. "काय सांगू भावजी! मेला तो."

सुनंदा मटकन उंबऱ्यावर बसली.

"कापला?" मी विचारलं.

"कापाया मिलालाच कुठं! यांनी उताना धरला, वजन बघाया. तं हातातच गेला बिचारा! पाटीत ठेवला तं तसाच पडून. आता आपोआप मेलेला कोन खाईल? मागं पुरतायत."

आम्ही मागच्या परड्यात धावलो. जांभळीखाली दादा कुदळीने खड्डा खणत होता. आवणीला मदत करणारी शेजारची चार-पाच माणसं माना खाली घालून उभी होती. दुःख सशाचं नव्हतं, रश्शाचं होतं. बांबूच्या पाटीत, पेंढ्यावर, मुकादम एका कुशीवर पडलेले. चारी पाय ताणलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

"परशा, माफ कर रे," दादा म्हणाला. "माज्या हातानं काय झाला नाय बग. सुरी घ्यायच्या आदीच गेला."

सुनंदा पाटीपाशी बसली. तिने त्याच्या अंगावर हात ठेवला आणि हुंदका दिला. मग हुंदका अर्धाच ठेवून ती वाकली आणि नीट बघायला लागली.

"अहो दादा," ती म्हणाली, "झोपलाय हा!"

"आँ?"

"उताणा धरला की ससा भीतीने निपचित पडतो. आणि दुपारी झोपला की घरीसुद्धा असाच पडतो!" (दुपारी मी दुकानात. मला काय ठाऊक?)

तिने त्याच्या कपाळावर बोटाने खाजवलं. एक डोळा पूर्ण उघडला. मुकादम उठले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं आणि मागचा पाय पाटीत आपटला. धाड!

दादाच्या हातातली कुदळ पडली. आवणीवाले दोन पावलं मागे सरकले. वहिनी धावत आत गेली, हळद-कुंकू घेऊन आली आणि सशाच्या कपाळाला लावून तिने हात जोडले. सुनंदा एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. मीही डोळे पुसले. चुलीचा धूर फार होता. (चूल घराच्या पुढच्या बाजूला होती, हे नंतर सुनंदाने सांगितलं.)

इथे ही गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं! पण दादा दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्यापुढे उभा राहिला.

"ह्यो पाळलेला हाय?"

"हो."

"मंग गटारीचा कोंबडा कुठं हाय?"

"तो... राहिला."

दादा आवणीवाल्यांकडे वळला. दिवसभर कमरेत वाकून चिखलात राबलेली ती माणसं. त्यांना सकाळपासून सांगून ठेवलं होतं, की यंदा परशाने ससा धाडलाय, कोंबडी घ्यायची गरज नाय. वहिनीच्या कोंबड्या तर अंड्यांवर बसलेल्या. त्यांना हात लावायची दादाचीही छाती नव्हती.

"मेलेला ससा जिता झाला," दादा म्हणाला, "नि जित्या मानसांची गटारी मेली!"

मी तसाच किन्हवलीला पळालो. चिकनच्या दुकानांपुढे रांगा नव्हत्या, कारण दुकानांत काही उरलंच नव्हतं. एक दुकानदार फळी धूत होता. त्याने मला ओळखलं. "अरे, मघाशी टेम्पोतून माल तुमीच उतरवलात ना? एक पन नाय राहिली बगा!" माझ्या या दोन हातांनी मी सबंध तालुक्याची गटारी उतरवली होती आणि माझ्या घरच्यांसाठी एक तंगडी शिल्लक नव्हती. मी बटाटे घेऊन परत आलो.

वहिनीने त्या झणझणीत वाटणात बटाटे सोडले. ओटीवर पंगत बसली. सुनंदा एका कोपऱ्यात मुकादमांना मांडीवर घेऊन कोथिंबिरीची एकेक काडी भरवत होती. घरात मनासारखं जेवणारा तो एकटाच. प्रत्येक जण रश्शातला बटाटा बोटाने उलटा करून बघायचा, त्याच्याखाली काही नाही याची खात्री करायचा आणि मग मान वर करून माझ्याकडे टक लावून बघायचा. वरपासून खालपर्यंत, सावकाश, वजनाचा अंदाज घेतल्यासारखं. मसाला वाटून तयार असताना ससा होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

त्यातून सुटायचा मार्ग मुकादमांनी नुकताच दाखवून दिला होता. मी ताट बाजूला सारलं, ओटीवर एका कुशीवर आडवा झालो, हातपाय ताणले, डोळे अर्धवट मिटले आणि निपचित पडलो. माझ्या जवळ कुणी आलं नाही. सुनंदाने हुंदका दिला नाही. फक्त बटाटे चावल्याचा आवाज येत होता.

मग वहिनीचा आवाज आला, "अवो, भावजींना काय झाला बगा."

"आदी सगली जेवून घ्या," दादा म्हणाला. "खड्डा खनलेलाच हाय."